उठवत नाही

बाबांनी पाणी मागितलं तेव्हा मी "हो" म्हणाले.

आषाढातली दुपार. डिचोलीत सकाळपासून पाऊस धरून होता आणि दुकानाच्या पत्र्यावर त्याचा एकसुरी आवाज चालला होता. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधल्या दारापलीकडे बाबांची खाट. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत जाता येत होतं, पण सोबत कुणी असल्याशिवाय उठायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, एका भजनी मंडळाच्या पेटीतली काळी दोनची रीड घेऊन बसले होते.

"पाणी दे गं थोडं."

"हो, आणते."

हे मी बोलले, ते मला आठवतं. पुढच्या पाऊण तासातलं मला फक्त ती रीड आठवते. मान वर केली तेव्हा बाबा मधल्या दारात उभे होते. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातून स्वतःच भरून घेतलेला पेला, तोही पिऊन रिकामा झालेला. त्यांनी तो माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, पेटीकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता परत गेले. वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकत खाटेपर्यंत गेले, तो आवाज मी शेवटपर्यंत ऐकला.

माझं "हो" खोटं नव्हतं. मला पाणी द्यायचं होतं. ज्या माणसाने मला पहिली कानस हातात धरायला शिकवली, त्याला तहान लागलेली असताना बसून राहावं असं मला कधीच वाटणार नाही. पण ते "हो" तोंडातच राहिलं, पायांपर्यंत पोहोचलंच नाही. ते पडले असते तर, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

मराठीत क्रियापदाचं एक रूप आहे, शाळेत त्याला शक्य क्रियापद म्हणतात. मी उठत नाही, आणि मला उठवत नाही. पहिल्यात कर्ता मी आहे, न उठण्याचा निर्णय माझा आहे. दुसऱ्यात मी 'मला' होऊन बाजूला बसते आणि उठणं आपलं आपण घडत नाही. आजीला दमा होता, ती म्हणायची, "मला जिना चढवत नाही." तिला कुणी आळशी म्हटलं नाही. कुणी गेल्यावर घरची माणसं म्हणतात, "त्या खोलीत जाववत नाही," आणि ऐकणारा मान हलवतो. म्हणजे इच्छा आणि शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या भाषेला पक्कं ठाऊक आहे. फक्त हे रूप आपण आजारी, म्हातारी आणि दुःखातली माणसं यांच्यासाठी राखून ठेवतो. धडधाकट मुलगी काहीतरी करत बसलेली असली आणि पाच हाकांना उठली नाही, तर तिच्यासाठी साधं रूप वापरलं जातं. उठत नाही. ऐकत नाही. येत नाही. माझं सगळं बालपण या तीन वाक्यांत मावतं.

त्या पाऊण तासात मी कुठे होते, ते सांगायचं तर रीडबद्दल सांगावं लागेल.

पेटीच्या प्रत्येक पट्टीमागे पितळेची एक जीभ असते, तीच रीड. चांगल्या पेटीत एका पट्टीला दोन असतात, कधी तीन. गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीड आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. क्वचित एखाद्या जुन्या घरातून जर्मन रीडची पेटी येते, ती बाबा दुसऱ्या कुणाला उचलू देत नाहीत. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासायचं म्हणजे अगदी केसभर. दोन रीड एकदम वाजवल्या आणि त्यांच्यात सेकंदाला एका कंपनाचा फरक असला, तर सेकंदाला एक लहर ऐकू येते. वाँ, वाँ, वाँ. फरक कमी होत जातो तशी ती लांबत जाते, दोन सेकंदांना एक, मग चार सेकंदांना एक. शेवटी ती इतकी लांबते की लहर खरंच आहे की आपल्याला भास होतोय, तेच कळत नाही. खरं काम तिथून पुढे असतं. त्यात घासल्याने पितळ कोमट होतं आणि कोमट पितळ खोटा सूर देतं. ते निवेपर्यंत थांबायचं, परत वाजवायचं, परत ऐकायचं.

हे ऐकण्यासाठी आत जावं लागतं आणि आत जायला मला वेळ लागतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावरचे ट्रक, शेजारच्यांचा मिक्सर, स्वतःचा श्वास, सगळं कानावर येत असतं. मग एकेक गोष्ट गळते. मिक्सर जातो, पाऊस जातो. पाठ दुखत असली तर तीही जाते. कोणती रीड, कितव्यांदा घासली, टोकाला की बुडाशी, मघाशी लहर किती लांब होती आणि आता किती, एवढंच काय ते उरतं. यातलं काही मी कागदावर लिहीत नाही, सगळं कानात आणि बोटांत धरून ठेवलेलं असतं. अशा वेळी कुणी खांद्याला हात लावून हलवलं तर ते एका क्षणात खाली पडतं. माझ्या तोंडून जे निघतं ते ओरडणंच असतं, आणि ते मी ठरवून केलेलं नसतं. डोळ्यांत पाणी येतं, हात थरथरतात. पुढचा सबंध दिवस डोकं जड राहतं आणि ती रीड दुसऱ्या दिवशीवर जाते. ज्याने हलवलं तो माणूस बिचारा जेवायला बोलावत असतो.

शरीरही तिथे माझ्यासोबत नसतं. तहान, भूक, पाय बधिर होणं, लघवीला लागणं, हे सगळं मला उठल्यावर एकदम कळतं, एखाद्या घरात वीज आल्यावर सगळे दिवे एकदम लागावेत तसं. लहानपणी यावरून खूप ऐकून घेतलं आहे. एवढी मोठी मुलगी आणि हिला स्वतःचंही कळत नाही! खरंच कळत नव्हतं.

आमच्याकडे येणारी माणसं म्हणतात, तंद्री काय, सगळ्यांचीच लागते. लागते ना, मलाही मान्य आहे. पण त्यांना हाक ऐकू आली की तंद्री सुटते, थोडी चिडचिड होते आणि ती उठतात. माझ्याकडे हाक येते, तिचा अर्थ कळतो, उत्तरही जातं आणि तरी काही सुटत नाही. तंद्री आणि हे, यांत तेवढाच फरक आहे, पण त्या तेवढ्याशा फरकावर माणसाची नोकरी जाते आणि नाती विटतात.

याची दुसरी बाजू लोकांना दिसत नाही, कारण ती दारामागे घडते. हातात काम नसलं की मला सुरूही करवत नाही. सकाळी सातला उठून खाटेच्या कडेवर बसते, हातात दात घासायचा ब्रश असतो आणि साडेनऊ वाजतात. मनात काहीही चाललेलं नसतं. दुःख नसतं, कंटाळा नसतो. न्हाणी समोर दिसत असते, जायचं असतं, जाववत नाही. कामात बुडलेली मी लोकांना मेहनती वाटते आणि खाटेवर बसलेली मी ऐतखाऊ. मला या दोन बायका वेगळ्या वाटत नाहीत. शाळेत जडत्वाचा नियम शिकवतात, स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती चालत राहते, बाहेरून जोर लागेपर्यंत. ऑटिस्टिक माणसांनी आपल्या या अवस्थेला नेमका तोच शब्द घेतला आहे, ऑटिस्टिक इनर्शिया.

हा शब्द मला वयाच्या 36व्या वर्षी मिळाला. माझा भाऊ रायबंदरला असतो. त्याच्या मुलाची ऑटिझमसाठी तपासणी चालू होती, तेव्हा एक लांबलचक प्रश्नावली भरायची होती. भाऊ आणि वहिनी रात्री ती भरत बसले होते. दहाव्या-बाराव्या प्रश्नाला भावाने मला फोन लावला. म्हणाला, "ताई, मी मुलाची उत्तरं लिहितोय पण मला तूच दिसते आहेस." पुढे माझीही तपासणी झाली. दोन दिवस, बरेच तास. ऑटिझम आपल्याकडच्या 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येतो, त्यामुळे पुतण्याचं प्रमाणपत्र झालं. मी माझं अजून काढलेलं नाही. मला त्या दिवशी कागदापेक्षा ती वाक्यं हवी होती, ज्यांत माझं वागणं दोष न होता वर्णन झालं होतं.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. 'ऑटोस' म्हणजे ग्रीकमध्ये स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळ्याच आजाराच्या संदर्भात हा शब्द घडवला, 1943मध्ये लिओ कॅनर यांनी तो मुलांसाठी वापरला, आणि आपण त्याचं भाषांतर केलं. त्यातल्या 'मग्न'वर माझी काही तक्रार नाही, आहेच मी मग्न. पण 'स्व' कुठे आहे त्यात? रीडच्या लहरीपाशी मी पोहोचते तेव्हा सर्वांत आधी गळतो तो स्व. मला माझी तहान कळत नाही, माझे पाय कळत नाहीत, माझं नाव कुणी घेतलं तर ते दुसऱ्या कुणाचं वाटतं. जिला स्वतःचा इतका विसर पडतो, तिला स्वतःत बुडालेली कसं म्हणायचं? हा शब्द बाहेरून बघणाऱ्याने केलेला आहे. त्याला पाठ दिसली, पाठीपलीकडचं काम दिसलं नाही. आपल्याकडे याहून जवळचा शब्द घरोघर आहे, नाद. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेडही. "हिला नाद लागलाय" असं आजी म्हणायची, त्यात चीड कमी आणि ओळख जास्त होती.

डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी 2005मध्ये जे मांडलं, ते मला या नादाच्या सर्वांत जवळ वाटतं. त्याला ते मोनोट्रॉपिझम म्हणतात. लक्ष ही माणसाकडची मोजकी पुंजी आहे. बहुतेक माणसं ती एकाच वेळी अनेक ठिकाणी थोडी थोडी ठेवतात, ऑटिस्टिक माणूस सगळी एका ठिकाणी लावतो. मग तिथलं सगळं लख्ख दिसतं आणि बाकीच्या ठिकाणी काहीच उरत नाही. तिथून पुंजी काढून दुसरीकडे न्यायची तर सगळीच उचलावी लागते. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की "दोनच मिनिटांसाठी ये" हे माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम का नसतं. ती दोन मिनिटं मागणारा माझ्याकडून सगळं घर आवरून मागत असतो.

पणजीतल्या एका कचेरीत मी चार वर्षं काढली. समोर आकड्यांची फाइल, बाजूला फोन आणि पाठीमागून दर दहा मिनिटांनी कुणीतरी. दुपारपर्यंत मला बोलताना शब्द सापडेनासे व्हायचे. फेरीबोटीतून घरी येताना मी डोळे मिटून बसायची, चोडण कधी यायचं कळायचं नाही. वर्षाअखेरीच्या अहवालात वरिष्ठांनी लिहिलं, सहकार्याची वृत्ती नाही. आज माझ्याकडे उत्तर आहे, तेव्हा नव्हतं. राजीनामा देऊन बाबांच्या दुकानात बसले आणि त्या निर्णयाचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. पण दुकान सगळ्यांच्या बापाचं नसतं, हेही मला कळतं.

आमच्या गोव्यात लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर होऊन गेले. हातापायांनी आणि तोंडाने एकाच वेळी वेगवेगळे ताल धरून दाखवत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. भजनी मंडळींत त्यांचं नाव निघालं की माणसं कानाच्या पाळीला हात लावतात. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण अलीकडे घरोघर प्रत्येक बाईकडून खाप्रुमामांची अपेक्षा असते. एका हाताने फोडणी, एका हाताने फोन, एका पायाने पाळणा, तोंडाने अभ्यास. माझा एकच ताल आहे, तो मी नीट धरते.

गजर लावून बघ, असा सल्ला मला आजवर किती जणांनी दिला असेल! लावला. फोनवर लावला, भिंतीवरच्या घड्याळात लावला, स्वयंपाकघरात टायमर आणून ठेवला. गजर वाजतो आणि हात जाऊन तो बंद करतो. बंद केल्याचं मला आठवत नाही, पण जवळ दुसरं कुणी नसतं, म्हणजे तो मीच बंद केलेला असतो. तीन पातेली जळल्यावर मी गॅस सोडला आणि आपोआप बंद होणाऱ्या विजेच्या शेगडीवर पेज ठेवायला लागले. सुरक्षिततेपुरता तो उपाय चांगला आहे, माझ्यासारख्या प्रत्येकीला मी तो सांगेन. पण त्याने पेज वाचली, मी उठले नाही. गजर सांगतो की वेळ झाली. वेळ झाली हे मला कळतच असतं. इथून तिथे जायचं कसं, ते गजराला सांगता येत नाही.

ते मला श्रावणात वास्कोला दिसलं.

काळी दोनवाली पेटी ज्या मंडळाची होती, त्यांना ती वास्कोच्या सप्ताहाला न्यायची होती. जांबावलीच्या दामोदराच्या नावाचा हा सप्ताह, सव्वाशे वर्षांची परंपरा. नाव सप्ताह, पण अखंड भजन चोवीस तासांचं. दरवर्षी पेटीसोबत बाबा जायचे, वाटेत एखादी रीड अडकली तर हाताशी असावं म्हणून. या वर्षी त्यांच्या जागी मी गेले. बाहेर फेरीची, म्हणजे जत्रेची, दुकानं, माणसांचा लोट, दिवे, आवाजावर आवाज, मला ते सहन होत नाही. आत गेले आणि भिंतीला टेकून बसले. आत एकच गोष्ट चालू होती, त्यामुळे बरं वाटलं.

रात्रीचे अडीच वाजून गेले असतील. पुढच्या मंडळाची पाळी आली. मी इतकी वर्षं समजत होते की एक मंडळ थांबतं आणि दुसरं सुरू करतं. तसं होत नाही. भजन अखंड आहे, तिथे थांबायला जागाच नाही. नवा पेटीवाला जुन्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने आपली पेटी हलक्या हाताने खाली ठेवली, जुन्याच्या बोटांकडे बघून पट्टी ओळखली आणि नुसता षड्ज धरला, इतका बारीक की तो आहे हे जुन्या पेटीवाल्यालाच कळावं. नवा पखवाजवाला अजून पखवाजाला हात लावत नव्हता. स्वतःच्या मांडीवर दोन बोटांनी ठेका धरत होता. मागे दोन टाळ मिसळले. मग ध्रुपद आलं तेव्हा ते दोन्ही मंडळांनी मिळून म्हटलं, एकदा आणि परत एकदा. त्या दुसऱ्या वेळी जुन्या पेटीचा भाता सैल पडत गेला. पखवाजवाल्याने हात वर उचलले तेव्हा दुसऱ्याची थाप पडलेली होती. जुनी माणसं गुडघ्यांवर हात टेकत उठली, देवाला नमस्कार करून बाहेर गेली. भजनात फट पडली नाही.

मी तिथे भिंतीशी बसून रडले. मला आई आठवली.

आईला जाऊन चार वर्षं झाली. ती बाबांना जेवायला कधीच हाक मारत नसे. पदराला हात पुसत दुकानात यायची, पेटीच्या पलीकडच्या बाजूला बसायची आणि भात्यावर हात ठेवायची. बाबांचा डावा हात मोकळा व्हायचा, ते दोन्ही हातांनी पट्ट्या तपासत राहायचे. पाच-सात मिनिटं ती नुसता भाता चालवत असे. दोघंही काही बोलत नसत. मग तिचा हात मंदावत जाई. आवाज पातळ व्हायचा, आणखी पातळ, शेवटी रीडचा नुसता श्वास ऐकू यायचा आणि तोही सरायचा. बाबा मान वर करायचे. ती म्हणायची, "पान वाढलंय." लहान असताना मला वाटायचं, ती कामात मदत करायला येते. माझ्याजवळही ती अशीच येऊन बसायची. मी गुंजा रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे लावत बसलेली असले की आपल्या हाताने चार गुंजा माझ्या ओळीत लावायची, नीट, माझ्याच पद्धतीने, आणि मग सांगायची, "ही ओळ झाली की आंघोळ." मी ओळ पुरी करून उठत असे. तिच्यासाठी मी उठत होते आणि इतरांसाठी नव्हते, म्हणून तिच्यावर लाडावून ठेवल्याचा आरोप व्हायचा.

मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021मध्ये 32 ऑटिस्टिक प्रौढांशी या जडत्वाविषयी बोलून एक लेख लिहिला. बाहेरून कुणी आल्याशिवाय सुटका नाही, या आशयाचं एका माणसाचं वाक्य त्याच्या शीर्षकातच आहे. मी तो वाचला तेव्हा मला ते खरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली, की मोठं माणूस असून आपल्याला बाहेरून कुणीतरी लागतं. वास्कोहून परत येताना ती लाज राहिली नव्हती. चांगले पट्टीचे भजनी लोकही एकटे थांबत नाहीत, त्यांनाही शेजारी येऊन सूर धरणारं कुणी लागतं.

पण हे मागणं लहान नाही, आणि ते मला लपवायचं नाही. आई ती पाच-सात मिनिटं कुठून आणत होती? चुलीवर काय ठेवून यायची, तिचं स्वतःचं काय अर्धवट राहायचं, हे मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं ती आम्हा दोघांना असं बाहेर काढत राहिली. तिच्या स्वतःच्या नादातून तिला कोण बाहेर काढत होतं, किंवा तिला तसा नाद लागू देण्याइतकी फुरसत कधी मिळाली का, मला माहीत नाही.

वास्कोहून आल्यावर दोन दिवसांनी भाऊ आणि पुतण्या घरी येऊन गेले, त्यांना पोचवायला मी रायबंदरपर्यंत गेले. मुलगा सहा वर्षांचा आहे. चोडणहून फेरीबोट सुटली की तो कठड्याशी उभा राहतो आणि पाण्यावर उठणारा फेस बघतो. पलीकडे पोचल्यावर तो उतरत नाही. मागे स्कूटरी सुरू झालेल्या असतात, माणसं ओरडतात, भाऊ त्याला उचलतो, तो किंचाळतो, हा रोजचा प्रसंग. त्या दिवशी मी नदीच्या मध्यावरच त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि फेस बघायला लागले. खरंच बघायला लागले, कारण नुसतं बघितल्यासारखं केलेलं त्याला कळतं, मलाही कळायचं. फेस बोटीच्या कडेला जाड असतो, मागे जाता जाता त्याची जाळी होते, जाळीत भोकं पडतात आणि ती विरते. थोड्या वेळाने मी म्हटलं, "पुढच्या बाजूला जाळी होत नाही वाटतं." तो कठडा धरून पुढे सरकला. तिथून रॅम्पपाशी. रॅम्प धक्क्याच्या काँक्रीटवर घासत टेकला तेव्हा खाली अडकलेलं पाणी फेसाळून बाजूंनी बाहेर आलं. "वरून कसं दिसेल?" मी विचारलं. तो रॅम्पवरून चालत धक्क्यावर गेला, वळला आणि वाकून फेस बघत राहिला. भाऊ पिशव्या घेऊन मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही.

दर वेळी असं जमत नाही. पुढच्याच आठवड्यात तो उतरला नाही. कठड्याशी उशिरा गेलो होतो, धक्का जवळ आला होता.

बाबांना मी वास्कोची सगळी हकिगत सांगितली. नवा पेटीवाला कसा आला, त्याने षड्ज कसा धरला, जुना भाता कसा सैल पडला. आणि आईचं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, तिचा हात दुखतो. म्हणून हवा कमी पडते. म्हणून मी थांबायचो."

आता भाद्रपद उजाडलाय. चतुर्थी तोंडावर आली, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, ओलाव्याने फुगलेल्या पट्ट्यांच्या नऊ पेट्या रांगेत आहेत. बाबांच्या हातात वॉकरच्या जागी काठी आली आहे. काल संध्याकाळी मी पांढरी चारच्या जोडीवर होते. लहर तीन सेकंदांना एक, मग साडेतीनला. कधीतरी माझा डावा हात मोकळा झाला. कधी, ते मला कळलं नाही, भाता चालूच होता आणि नेहमीपेक्षा बेताचा, स्थिर चालला होता. मी दोन्ही रीड वाजवून पाहिल्या, एकदा वरच्या सप्तकाबरोबर, एकदा खालच्या. लहर लांबली, लांबतच गेली. मग आवाज पातळ व्हायला लागला. आधी मला वाटलं सूर उतरतोय, मग कळलं हवा कमी होतेय. पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. घसा कोरडा पडला होता. मी मान वर केली.

बाबा समोर स्टुलावर बसले होते, काठी मांडीवर आडवी, हात अजून भात्यावर.

"येताना दोन पेले आण," ते म्हणाले.